ज्यूरीचे बोलावणे आणि न विचारता सांगायची गोष्ट



काही महिन्यांमागे आमच्या परिचयाच्या एका भगिनीचा फोन आला. आवाज घाबरलेला. "कोर्टाचं पत्र आलंय हो. आम्ही कोणाचं काय वाकडं केलं?" पत्र वाचून दाखवा म्हटले, तेव्हा उलगडा झाला. त्यांना ज्यूरीवर बसण्याचे समन्स आले होते. पलीकडून त्यांचे यजमान मोठ्याने सांगत होते, "लिहून टाक, इंग्रजी येत नाही म्हणून. कटकट मिटेल." आता या बाई गेली वीस वर्षे इंग्रजी बोलणाऱ्या गिऱ्हाइकांशी व्यवहार करतात आणि एक सेंट इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. आम्ही त्यांना एवढेच म्हटले, "उद्या दुपारी चहाला या, पत्र घेऊन या." त्या दुपारी जे बोलणे झाले त्यातून हा लेख लिहिण्याचे मनात आले.

इस्राएलमधील आपल्या वाचकांना हा प्रकार नवा वाटेल, कारण तेथे ज्यूरी नाही. न्यायाधीशच पुरावा ऐकतात आणि तेच निकाल देतात. भारतातूनही ज्यूरी जाऊन पन्नासच्या वर वर्षे लोटली. न्यूझीलंडमध्ये मात्र ती आहे, आणि ज्या गुन्ह्याला दोन वर्षे किंवा अधिक कैद होऊ शकते, अशा गुन्ह्याच्या आरोपीस ज्यूरीपुढे खटला चालवून मागण्याचा हक्क आहे. ज्यूरी बारा जणांची. हे बारा जण कोणी कायदेपंडित नव्हेत. मतदारयादीतून नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निघतात, आणि कोर्टापासून ठराविक अंतरात राहणाऱ्यांना समन्स जाते.

येथे आपल्या लोकांची एक समजूत दूर केली पाहिजे. "आम्ही अजून इथले नागरिक नाही, आम्हांला काय बोलावतील?" असे पुष्कळजण म्हणतात. या देशात १९७५ पासून कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसालाही मत आहे. वर्षभर येथे राहिले की मतदारयादीत नाव घालावे लागते. आणि यादीत नाव आले की ज्यूरीचे समन्सही येऊ शकते. पासपोर्ट कोणत्या रंगाचा आहे हे तेथे कोणी पाहत नाही. आमदार-खासदारांसारखे पार्लमेंटचे सभासद, न्यायाधीश, वकील, पोलीस यांना ज्यूरीवर घेत नाहीत. ज्याला कधी तीन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली, किंवा गेल्या पाच वर्षांत तीन महिने किंवा अधिक तुरुंगवास झाला, त्यालाही नाही. बाकी आपण सारे आलोच.

आता मुख्य विषयाकडे वळतो. समन्सच्या दिवशी सकाळी पुष्कळ मंडळी एका मोठ्या खोलीत जमवितात. मग कोर्टाच्या दालनात नेतात. आरोपी समोर उभा असतो. त्याच्यावरील आरोप वाचला जातो. सरकारी वकील साक्षीदारांची नावे वाचून दाखवितात. न्यायाधीश सांगतात की यांपैकी कोणाला तुम्ही ओळखत असाल, किंवा या प्रकरणाशी तुमचा काही संबंध असेल, किंवा निःपक्षपातीपणे बसणे तुम्हांला जमणार नाही असे वाटत असेल, तर तसे सांगा. नंतर पेटीतून एकेक नाव काढून पुकारतात. ज्याचे नाव येईल तो उठून ज्यूरीच्या बाकाकडे चालू लागतो. तो बसण्यापूर्वी दोन्हींकडच्या वकिलांना "चॅलेंज" असे म्हणून त्याला परत पाठविता येते. प्रत्येक बाजूस असे चार वेळा करता येते आणि कारण द्यावे लागत नाही. (आपल्यापैकी एका गृहस्थांना असे परत पाठविले तेव्हा त्यांनी ते मनाला फार लावून घेतले. "आमचा रंग पाहून परत पाठवलं" असे ते आजही म्हणतात. तसे नसेलच, असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण सांगायचेच नसते, त्यामुळे मनात काटा राहतो तो राहतोच.)

अमेरिकेत यापेक्षा निराळी रीत आहे. तेथे वकील व न्यायाधीश ज्यूररची उलटतपासणी घेतात, लांबलचक छापील प्रश्नपत्रिका भरून घेतात आणि तीही शपथेवर. न्यूझीलंडमध्ये प्रश्नपत्रिका नाही, एकेकाची तपासणी नाही. शपथसुद्धा बारा जण बसल्यानंतर होते. म्हणजे ज्या क्षणी खरे सांगायचे असते, त्या क्षणी कोणी तुमच्याकडे रोखून पाहत नसते आणि हात पवित्र ग्रंथावर नसतो. सर्वांना मिळून एकदाच सांगितले जाते. मग जो तो आपल्या मनाशी.

हे लिहिताना आम्हांस आमची स्वतःची हकिगत सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

काही वर्षांपूर्वी आम्हांला समन्स आले. खरे सांगायचे तर आनंद झाला. या देशात शाळेत शिकविले, कर भरला, मत दिले; पण "या, आमच्यात बसा, तुमचे मत महत्त्वाचे आहे" असे कोणी कागदावर लिहून पाठविण्याची ती पहिलीच वेळ. बेरशेबाला बहिणीला फोन करून सांगितले. कोर्टात जायचे म्हणून आदल्या रात्री कपड्यांना इस्त्री केली. दालनात साक्षीदारांची नावे वाचली गेली. त्यांत एका कॉन्स्टेबलचे आडनाव ऐकले आणि मन किंचित अडखळले. त्या आडनावाचा एक मुलगा बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या वर्गात होता. पण ते आडनाव या देशात आपल्याकडील जाधव-पाटलांइतके साधारण. आम्ही मनाला सांगितले की तो हा नसेल. आणखीही एक गोष्ट मनाने हळूच सांगितली, ती येथे लिहिताना लाज वाटते. ती अशी की हात वर केला तर आपल्याला घरी पाठवतील, आणि बहिणीला सांगून बसलो आहोत. आम्ही गप्प बसलो. पेटीतून आमचे नाव निघाले, कोणी चॅलेंज केले नाही, आणि आम्ही बाराांत जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी तो कॉन्स्टेबल साक्षीला उभा राहिला. तोच. उंच झाला होता, पण कान तसेच पुढे आलेले. आमच्याकडे त्याचे लक्ष गेले की नाही कोण जाणे. खटला दुकानफोडीचा होता, आणि आरोपी रस्त्यावर पकडला गेला तेव्हा त्याने कॉन्स्टेबलपाशी काही शब्द काढले होते की नव्हते, यावर बराच भर होता. आरोपीचे वकील त्या मुलाला विचारीत होते, "हे तुम्ही नंतर रचलेत ना?" आणि आम्हांस आठवत होते की याच मुलाने सातवीत असताना वर्गाची काच फोडल्याचे आपण होऊन येऊन कबूल केले होते. त्याने तोंड उघडण्यापूर्वीच आमचा त्याच्यावर विश्वास बसला होता! समोर आरोपी बसला होता, त्याच्याही कोणा शिक्षिकेला त्याच्याविषयी असेच काही चांगले आठवत असेल. पण ती काही त्या बाकावर नव्हती.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही चिठ्ठी लिहून ज्यूरीची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याजवळ दिली. न्यायाधीशांनी बोलावून घेतले. फार सौम्य शब्दांत विचारपूस केली. कोठे शिकविले, किती वर्षे, नंतर कधी भेट झाली होती काय. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी नाव वाचले गेले तेव्हा तुमच्या लक्षात आले नव्हते का?" आम्ही म्हणालो, "शंका आली होती." त्यांनी मान हलविली आणि कागदावर काहीतरी लिहिले. आम्हांस रजा मिळाली. बारांतला एक गेला तरी न्यायाधीशांना अकरांवर खटला पुढे चालविता येतो, तसा तो चालला. पण त्या अकरांपैकी कोणी आजारी पडता, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करण्याची पाळी येऊ शकली असती. साक्षीदारांना पुन्हा आणा, आरोपीला पुन्हा महिनोन् महिने टांगून ठेवा. एक शब्द पहिल्या सकाळी बोललो असतो तर दुसऱ्या कोणाचे नाव पेटीतून निघाले असते, एवढेच.

ओळख ही गोष्ट आपल्या लोकांच्या दृष्टीने कधी दोष नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. कोकणात, नवगाव-रेवदंड्याकडच्या आपल्या गावांतून, जमातीचे तंटे मुकादम आणि काझी बसून सोडवीत. मुकादमाला दोन्हीं पक्षांच्या तीन पिढ्या ठाऊक असत, आणि म्हणूनच त्याचा शब्द मानीत. अनोळखी माणूस येऊन न्याय करील हे कोणाला पटलेही नसते. इंग्लंडातही फार पूर्वी ज्यूरी म्हणजे घटना ठाऊक असलेले शेजारीच असत. हळूहळू ते उलटले. ज्याला काही ठाऊक नाही, जो कोर्टात ऐकेल तेवढ्यावरूनच ठरवील, तोच ज्यूरर योग्य असे झाले. आपण मुकादमांच्या जगातून आलो आणि या दुसऱ्या जगात बसलो. म्हणून "ओळखतो म्हणून काय झालं, मी काय अन्याय करणार आहे?" हा प्रश्न आपल्या तोंडी सहज येतो. तो उद्धटपणा नाही, तो जुना संस्कार आहे.

पण आपला आणखी एक, याहूनही जुना संस्कार आहे. तलमूदातील केथुबोथ या भागात न्यायाधीशांच्या काही गोष्टी आहेत. शेमुएल नावाचे थोर पंडित नावेतून उतरत होते. एका माणसाने आधारासाठी हात पुढे केला. शेमुएलांनी चौकशी केली, तेव्हा समजले की त्या गृहस्थाचा एक दावा त्यांच्यापुढे यायचा आहे. शेमुएलांनी त्याला तेथेच सांगितले की आता हा दावा आपल्याला चालविता येणार नाही. केवढी लाच? तर एक हात! दुसऱ्या एका न्यायाधीशाच्या डोक्यावर पक्ष्याचे पीस पडले, ते एकाने उचलून टाकले. तोही दावा त्यांनी सोडला. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत आवडते. रब्बी यिश्माएल यांचा कूळवाला दर शुक्रवारी त्यांच्याच मळ्यातील फळांची टोपली आणून देत असे. एकदा तो गुरुवारीच आला. कोर्टाच्या कामासाठी यायचेच होते म्हणून. फळे त्यांचीच, केवळ एक दिवस आधी आली. रब्बींनी ती घेतलीही नाहीत आणि दावाही घेतला नाही. दुसरे न्यायाधीश बसविले. मग बाजूला उभे राहून ऐकताना त्यांच्या लक्षात आले की आपले मन सारखे त्या माणसाची बाजू सावरीत आहे, "असे म्हणाला तर जिंकेल, तसे म्हणाला तर जिंकेल" असे आतल्या आत सुचवीत आहे. न घेतलेल्या टोपलीचा हा परिणाम!

आम्ही त्या कॉन्स्टेबलकडे पाहत बसलो होतो तेव्हा आमचे नेमके असेच झाले होते. मनात वैर असले की माणसाला ते कळते. माया आली की ती मायाच वाटते, पक्षपात वाटत नाही.

सान्हेद्रीन या भागातील मिश्नेत मित्र व शत्रू कोणास म्हणावे याचेही माप दिले आहे. लग्नात नवरदेवाचा पाठीराखा झालेला तो मित्र, आणि रागाने तीन दिवस बोलला नाही तो शत्रू. साक्षीदार म्हणून अशांना घ्यावे की नाही यावर मतभेद आहे, पण न्यायाधीश म्हणून असा माणूस चालत नाही यावर नाही. आणि तोरेत मोशेने लाचेच्या जोडीने आणखी एक ताकीद दिली आहे, ती आपण विसरतो. गरीब आहे म्हणून त्याच्या बाजूने झुकायचे नाही. म्हणजे चांगुलपणाच्या पोटीही तराजू हलता कामा नये.

आता एक अमेरिकन खटला सांगतो, कारण त्याचा निकाल आपल्याच एका धर्मबंधूने लिहिला आहे. बेंजामिन कार्डोझो हे न्यूयॉर्कच्या जुन्या सेफार्दी घराण्यातले, १९३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर आले. मिनियापोलिस शहरात फोशे नावाच्या बड्या व्यापाऱ्यावर टपालातून लोकांना फसविल्याचा खटला १९३१ मध्ये चालला. ज्यूरीत एक बाई होती. तिने दोन वर्षांपूर्वी फोशेच्या कंपनीत थोडे दिवस काम केले होते. निवडीच्या वेळी तिने ही नोकरी लपविली आणि आपले मन मोकळे आहे असे सांगितले. ज्यूरीच्या खोलीत अकरा जण एका बाजूला आणि ही एकटी दुसऱ्या बाजूला. सहकारी वाद घालू लागले की कानांवर हात ठेवी. खटला निकालाविना फुकट गेला. नंतर सत्य बाहेर आले आणि कोर्टाच्या बेअदबीबद्दल तिला शिक्षा झाली. ज्यूरीच्या खोलीतले बोलणे गुप्त असते, मग त्याचा पुरावा माझ्याविरुद्ध कसा वापरता, असा तिचा मुद्दा होता. कार्डोझो यांनी १९३३ साली तो फेटाळला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की जो खोटे सांगून आत शिरला तो केवळ नावापुरता ज्यूरर. खऱ्या ज्यूररला मिळणारे संरक्षण त्याला कसे मिळणार?

यावरून कोणी असे समजू नये की अकरांविरुद्ध एकट्याने उभे राहणे हा गुन्हा आहे. मुळीच नाही. आपल्या सान्हेद्रीनमध्ये तर देहदंडाच्या खटल्यात सगळेच न्यायाधीश एकमुखाने दोषी म्हणाले तर आरोपीला सोडून द्यावे, असा दंडक सांगितला आहे. एकालाही त्याच्या बाजूने काही सुचू नये म्हणजे कोठेतरी पाणी मुरते आहे. न्यूझीलंडमध्ये २००९ पासून, निदान चार तास विचारविनिमय झाल्यावर, अकरा विरुद्ध एक असा निकालही घेता येतो. त्या बाईचा दोष एकटे उभे राहण्यात नव्हता. ती तेथे का उभी आहे हे कोणाला ठाऊक नव्हते, त्यात होता.

कोणी म्हणेल, असले प्रकार अमेरिकेत. नाही. या देशातील सर्वांत गाजलेला खटला घ्या. १७ जून १९७० रोजी ऑकलंडच्या दक्षिणेस पुकेकावा येथे क्रू दांपत्याचा त्यांच्या शेतावरील घरात खून झाला. त्यांची लहानगी मुलगी तेवढी घरात जिवंत सापडली. आर्थर ॲलन थॉमस या शेतकऱ्याला १९७१ मध्ये एका ज्यूरीने आणि फेरखटल्यात १९७३ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने दोषी ठरविले. नऊ वर्षे तुरुंगात काढल्यावर डिसेंबर १९७९ मध्ये त्यांना माफी मिळाली. १९८० मध्ये न्यायमूर्ती टेलर यांच्या आयोगाने ठरविले की पुराव्यात आणलेले काडतुसाचे पुंगळे पोलिसांनीच बागेत ठेवले होते. मुख्य अन्याय तो. पण त्याच चौकशीत ज्यूरीचाही विषय निघाला. दुसऱ्या ज्यूरीतील एक गृहस्थ आणि सरकार पक्षाचा साक्षीदार असलेला एक पोलीस अधिकारी हे दोघे पूर्वी नौदलात होते आणि त्यांची ओळख होती, असा तो विषय. त्या गृहस्थांनी निकाल प्रामाणिकपणे दिलाही असेल. पण पहिल्या सकाळी चार शब्दांत मिटणारी गोष्ट सात वर्षांनी आयोगापुढे यावी, आणि थॉमस कुटुंबाने ती काटा म्हणून उराशी बाळगावी, यात कोणाचे भले झाले?

आपल्या मुंबईचेही दोन खटले येथे आठवतात. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तो केसरीतील मराठी लेखांवर. न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खास ज्यूरी नेमली गेली. सात युरोपियन, दोन पारशी. लेख मराठीत, आणि ज्यूरीपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरे. निकाल सात विरुद्ध दोन, आणि टिळक मंडालेला. शब्दाच्या छटेवर माणसाची सहा वर्षे अवलंबून असताना ती छटा ज्याला कळत नाही असा माणूस न्यायाला बसला, की काय होते हे मराठी माणसाला निराळे सांगायला नको.

दुसरा खटला नौदल अधिकारी नानावटी यांचा. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून तो आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की जणू स्वतः कोर्टात बसलो होतो. एप्रिल १९५९ मध्ये त्यांनी प्रेम आहुजा यांस गोळ्या घातल्या. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली, घरोघरी तोच विषय. नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठविले. हायकोर्टाने १९६० मध्ये दोषी ठरविले आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केले. या एका खटल्याने भारतातील ज्यूरी गेली असे म्हणतात ते तितकेसे खरे नाही. विधी आयोगाने १९५८ मध्येच ती बंद करण्याची शिफारस केली होती, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागा राहिली नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. त्या वेळी मुंबईत ज्याने वर्तमानपत्र वाचले नाही, मत बनविले नाही, असा माणूस शोधून तरी सापडला असता का? "मी वाचले आहे, आणि माझे मन एका बाजूला गेले आहे," असे म्हणणे हेदेखील खरे बोलणेच. आज तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. न्यूझीलंडमध्ये २०१९ च्या कायद्याप्रमाणे ज्यूररने खटल्याविषयी स्वतः शोधाशोध करणे हा गुन्हा आहे. निवडीपूर्वीच काही वाचले असेल तर तो गुन्हा नाही. पण ते मनात ठेवून बसण्यापेक्षा सांगितलेले बरे.

आणि घाईघाईत चूक कशी होते त्याचा ताजा दाखला न्यूयॉर्कचा. गिस्लेन मॅक्सवेल हिच्या २०२१ मधील खटल्यात, तुम्ही कधी लैंगिक अत्याचाराला बळी पडला होता काय, या छापील प्रश्नावर एका ज्यूररने 'नाही' अशी खूण केली. निकालानंतर त्यानेच वार्ताहरांना सांगितले की लहानपणी आपल्यावर तसा प्रसंग आला होता. न्यायाधीशांनी त्याला बोलावून शपथेवर विचारले. फॉर्म फार भरभर भरला, असे त्याचे म्हणणे. एप्रिल २०२२ मध्ये न्यायाधीशांनी उत्तर चुकीचे असले तरी हेतुपुरस्सर नव्हते असे ठरवून फेरखटला नाकारला. आम्हांस त्या तरुणाची दयाच आली. स्वतःचे दुःख कागदावर लिहिणे सोपे नसते.

तेव्हा ओळख किती असली म्हणजे सांगायची? आमचे उत्तर असे की हे माप आपण काढायचेच नाही. दुकानात नमस्कार करण्याइतकी ओळख असो, मुलाच्या शाळेतला पालक असो, सिनेगॉगमधला कोणी असो. सांगायचे, आणि ठरविण्याचे काम न्यायाधीशांवर सोपवायचे. पुष्कळदा ते म्हणतात, "एवढ्याने काही बिघडत नाही, बसा." कायद्यात त्यांना तसा अधिकार आहे. प्रकरणाशी किंवा पक्षकार-साक्षीदारांशी जवळचा संबंध असलेल्या ज्यूररला सोडणे न सोडणे त्यांच्या हाती. आमची चूक हीच झाली की ते माप आम्ही मनातल्या मनात आपले आपण काढले.

चहाला आलेल्या त्या भगिनीकडे परत येतो. "इंग्रजी येत नाही" हे त्यांच्या तोंडी खोटे झाले असते. पण आपल्यात अशाही वृद्ध स्त्रिया आहेत ज्यांना वकिलांचे भरभर इंग्रजी खरोखर कळत नाही, आणि तसे सांगायला लाज वाटते म्हणून त्या मान डोलावीत बसतील. त्यांनी सांगितलेच पाहिजे. आरोपीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. टिळकांचा खटला त्यासाठीच वर लिहिला. ज्यांना कामाची, प्रकृतीची, घरात आजारी माणसाची खरी अडचण आहे त्यांनी समन्ससोबतच्या फॉर्मवर ती जशीच्या तशी लिहावी; तारीख पुढे ढकलून मागता येते. रोश हाशाना किंवा योम किप्पूर आडवा येत असेल तर तेही स्वच्छ लिहावे, पोटदुखीचे निमित्त नको. शपथेच्या वेळी आपला पवित्र ग्रंथ घेता येतो, किंवा ग्रंथाविना प्रतिज्ञा करता येते. पहिली इच्छा असल्यास कर्मचाऱ्यास आधी सांगून ठेवावे.

त्या भगिनी शेवटी म्हणाल्या, "सगळं पटलं. पण भरल्या कोर्टात, इंग्रजीतून, सगळ्यांसमोर बोलायचं कसं? पाय लटपटतील." सगळ्यांसमोर बोलावे लागत नाही; नाव पुकारल्यावर न्यायाधीशांच्या जवळ जाऊन हळू सांगता येते, किंवा कर्मचाऱ्याजवळ चिठ्ठी देता येते. तरी जुन्या सवयीने आम्ही त्यांना एक वाक्य वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले आणि पाचदा म्हणवून घेतले: "युवर ऑनर, आय थिंक आय नो वन ऑफ द विटनेसेस." चौथ्या वेळी त्यांचा 'थिंक' बरोबर आला. कागद घडी करून त्यांनी समन्सच्या पाकिटातच ठेवला.